दुसऱ्याची गरज राहू दे

प्रिय मित्रा,

तुझा निरोप काल रात्री वाचला, सकाळी गाडीत पुन्हा वाचला. अंधेरीच्या त्या गेम कंपनीच्या ऑफिसात, पहिल्याच नोकरीत, तुझ्याकडे काम आलंय की डंजनमध्ये, म्हणजे टोळीने मिळून उतरायच्या राक्षसांच्या भुयारात, जायला खेळाडूला माणसं जमवावी लागू नयेत, म्हणून त्याच्यासोबत चार बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेली पात्रं, पाठवायचे. वाट बघावी लागली की माणूस खेळ बंद करतो, असं वरिष्ठांचं म्हणणं. आणि तू मला विचारतोस, "ताई, खेळच भलतीकडे चाललेत की मीच जुनाट आहे?"

तेविसाव्या वर्षी कसला जुनाट होतोस! तुला खटकलं ते बरोबर खटकलं. मेहनत कर, नवं शीक हे तुला सांगत नाही, ते तू करतोच आहेस. माझं सांगणं एकच आहे आणि ते मी पत्रभर सांगणार आहे. ज्या खेळात तू हजारो माणसं एका जगात आणतोस, तिथे एकाला दुसऱ्याची गरज लागली पाहिजे. ती गरज काढलीस की मागे राहते ती फक्त गर्दी.

१९९९ साली एव्हरक्वेस्ट हा तसा ऑनलाइन खेळ आला. त्यात मंत्र टाकणाऱ्याची शक्ती संपली की खाली बसून ध्यान करावं लागे. पस्तिसाव्या पातळीपर्यंत तर मंत्रांची पोथी उघडली की समोरचं दृश्यच झाकलं जायचं. राक्षस अंगावर आला तरी दिसायचा नाही, खाली फक्त बोलण्याच्या ओळी सरकत राहायच्या. तुझ्या ऑफिसात हे कागदावर मांडलंस तर पहिल्या मिटिंगमध्ये कापतील. पण त्या बसण्यात माणसं बोलायची, आणि आपल्याला दिसत नाही ते बघायला शेजारी कुणीतरी लागायचं. विक्रीची सोय नव्हती, म्हणून खेळाडूंनी त्या जगातल्या ईस्ट कॉमनलँड्स भागातल्या बोगद्यात स्वतःच बाजार भरवला. कंपनीने तो बांधला नव्हता. डिसेंबर २००१ च्या ल्यूक्लिन नावाच्या विस्तारातून, म्हणजे खेळाच्या नव्या भागातून, अधिकृत बाजार आला. आपलं पात्र दुकानावर उभं करून झोपायला जाता येऊ लागलं आणि बोगद्यातला घासाघीस करणारा गोंगाट सरला. सोय झाली, यात वाद नाही. पण काय देऊन झाली, ते कुणी विचारलं नाही.

स्टार वॉर्स गॅलक्सीजचं तर मला आजही वाईट वाटतं. २००३ चा खेळ. त्यात नर्तक हा पेशा होता, खराखुरा. लढून थकलेल्या योद्ध्याचा शीण पेयगृहात जाऊन नाचगाणं बघितल्याशिवाय उतरत नसे. कारागिराने बनवलेली शस्त्रं झिजायची, म्हणून कारागिराला गिऱ्हाईक होतं. एकही गोळी न झाडता तू त्या जगात नाव कमावू शकत होतास, कारण गोळी झाडणाऱ्याला तुझ्याकडे यावंच लागे. मग नोव्हेंबर २००५ मध्ये मालकांना वाटलं की हे फार किचकट आहे, लोकांना सरळ लढायला हवंय. तीसहून जास्त पेशे होते, त्यांचे नऊ केले. ज्यांनी दोन-दोन वर्षं घालून आपला पेशा उभा केला होता, ते रातोरात बिनकामाचे झाले. गेले निघून. डिसेंबर २०११ मध्ये खेळ बंद झाला.

आता तू म्हणशील, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं काय? तुझे वरिष्ठही तेच म्हणतील. डिसेंबर २००९ मध्ये त्यात डंजन फाइंडर आला. बटण दाबायचं, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण यंत्र जमवून देणार, थेट दारात नेऊन सोडणार. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये वर्गणीदार १ कोटी २० लाखांवर गेले. हा आकडा खरा आहे, लपवायचं कारण नाही. पण तो कशाच्या जोरावर आला ते बघ. आधीची पाच वर्षं लोकांनी एकमेकांना धरून खेळत जमवलेल्या ओळखींचा तो आकडा होता. त्याहून मोठा आकडा कंपनीने नंतर कधी जाहीर केला नाही.

विरार गाडीच्या एकाच डब्यात रोज चढणाऱ्यांना एकमेकांची नावं माहीत असतात, कोण कुठे उतरतो, कोण आज आला नाही, सगळं माहीत असतं. जुना सर्व्हर तसा डबा होता. कुणी दुसऱ्याच्या वाट्याची तलवार लाटली तर आठवड्याभरात त्याचं नाव सर्वतोमुखी व्हायचं आणि त्याला कुणी सोबत घ्यायचं नाही. पुढे यंत्र जोडून देऊ लागलं, नाव राहिलं नाही, लाज राहिली नाही. वीस मिनिटांत डंजन उरकून माणसं 'हॅलो'सुद्धा न म्हणता पांगू लागली. मी हीलर होते, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरणारी, हे मी रोज बघितलंय. आधी माझी वाट बघितली जायची. नंतर मी एक रिकामी जागा भरणारी झाले.

वॉरक्राफ्टमधल्या कारझान या दहा जणांच्या मोहिमेतली एक रात्र सांगते. आमचा गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा जथा, युरोपच्या सर्व्हरवर, म्हणजे त्यांचे संध्याकाळचे आठ ते आपले रात्रीचे साडेबारा. घरचे झोपलेले, दिवा बंद, कीबोर्डचा आवाज होऊ नये म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल. २००८ च्या जानेवारीअखेर इजिप्तजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि अख्ख्या मुंबईचं इंटरनेट रखडलं. माझा मंत्र बटण दाबल्यावर दोन-दोन सेकंदांनी पोचत होता. हीलरचे दोन सेकंद म्हणजे टँक, पुढे उभा राहून सगळ्यांचा मार खाणारा, मेलाच. मी लिहिलं, आज मला वगळा. त्यांनी वगळलं नाही. दुसरा हीलर टँकवर गेला, मला हळूहळू जखमा भरत राहणारे मंत्र आधीच टाकून ठेवायचं काम दिलं, आणि टँकने चाल बदलली, राक्षसाला ओढायच्या आधी तो माझ्या 'ओके'साठी थांबू लागला. दहापैकी नऊ जणांनी एकीसाठी खेळ बदलला, कारण बदली हीलर बटण दाबून मिळत नव्हता. तो टँक बहारीनमध्ये नोकरी करणारा मल्याळी माणूस होता. त्याचा चेहरा मी कधी पाहिला नाही, तरी माझ्या वडिलांच्या आजारपणात रोज विचारपूस करणारा तोच. तुझे चार बॉट विचारणार आहेत का?

तू म्हणशील, ताई जुन्या आठवणीत रमली. नाही रे. २०१३ मध्ये वॉरक्राफ्टच्या कंपनीच्या मेळाव्यात, ब्लिझकॉनच्या मंचावर, एका चाहत्याने जुना वॉरक्राफ्ट परत मागितला, तेव्हा कंपनीच्या माणसाने त्याला सांगितलं की तुम्हाला हवाय असं वाटतं, पण नकोय. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याच कंपनीने तो परत आणला आणि सर्व्हरवर शिरायला तासन्‌तास रांगा लागल्या. रांगेत नुसते माझ्या वयाचे नव्हते, तुझ्या वयाचेही होते. २०१३ मध्ये रुनस्केप या दुसऱ्या ऑनलाइन खेळानेही मतदान घेऊन आपली जुनी आवृत्ती वेगळी उभी केली, ती आजही जोरात चालते.

तिथे आयर्नमॅन आहेत, कुणाशीही देवाणघेवाण न करता एकट्याने खेळणारे, हा मुद्दा कुणीतरी काढेलच. काढू दे. भोवती हजारो लोक देवाणघेवाण करतायत म्हणून त्या व्रताला किंमत आहे. ओसाड जगात एकटं राहण्याचं कुणाला काय कौतुक?

बॉटचीही उदाहरणं तुझ्यासमोर ठेवली जातील. फायनल फँटसी चौदा या ऑनलाइन खेळाने २०१९ पासून काही डंजनमध्ये संगणकाचे सोबती दिले, वॉरक्राफ्टने २०२४ च्या जानेवारीत. त्याला माझा सरसकट विरोध नाही. कुणाला अनोळखी माणसांची भीती वाटते, कुणाच्या मांडीवर तान्हं मूल असतं, कधीही उठावं लागतं. माइकवर बाईचा आवाज ऐकला की काय काय ऐकावं लागतं, ते मी भोगलंय. अशांना मार्ग हवाच. पण बॉट हा मागचा दरवाजा असू दे. पुढचा दरवाजा भिंत बांधून बंद करू नकोस.

माझ्याबद्दल तू विचारलंस, म्हणून सांगते. मीही अशाच एका स्टुडिओत होते. मोबाइलसाठी खेळ बनत होता. मी एक नियम मांडला होता की औषध बनवणाऱ्याचं औषध त्याला स्वतःला लागू पडणार नाही, दुसऱ्यालाच पडेल. एवढाच नियम. आम्ही चौघांनी तो दुपारच्या सुट्टीत कागदी पत्ते कापून खेळून पाहिला, आणि दहा मिनिटांत एकमेकांना हाका मारायला लागलो, सौदे करायला लागलो. वर दाखवला तर म्हणाले, नवीन खेळाडू अडकेल. नियम काढला. मग पात्र आपोआप चालू लागलं, आपोआप लढू लागलं, आणि औषधं दुकानात रुपयांना मिळू लागली. हे नीट लक्षात घे. माणसाची गरज काढली की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे गल्ला येऊन बसतो.

मी नोकरी सोडली. आता बँकांसाठी अ‍ॅप करते, काम चांगलं आहे. अजूनही जुने सहकारी भेटले की म्हणतात, एवढ्याशा नियमासाठी कशाला सोडलीस? एवढासा नव्हता तो. त्या खेळात तेवढं एकच माणसांचं होतं. हळहळ वाटते ती वेगळ्या गोष्टीची. तो नियम घेऊन मी स्वतःचा खेळ केला नाही. घराचे हप्ते होते, आई होती, आणि वर्षं गेली. पत्त्यांचा तो गठ्ठा कपाटात आहे.

तू मात्र नोकरी सोडू नकोस. इतक्यात तर नाहीच. तुझ्या हातात काम आहे, माझ्या हातात तेव्हा फक्त मत होतं. आकड्यांवर वाद घालत बसू नकोस, आकड्यांत ते तुला हरवतील. प्रत्येक नवीन गोष्टीला एकच प्रश्न विचार: हा खेळाडू उद्या आला नाही तर कुणाचं अडेल? कुणाचंच अडत नसेल तर तो खेळाडू तुमचा नाही, आज ना उद्या जाणारच. हे वरिष्ठांनाही कळतं, कारण खेळाडू जाणं त्यांनाही परवडत नाही. ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ २००३ पासून चाललाय. त्यातली जवळजवळ सगळी जहाजं खेळाडूच बांधतात, आणि फुटलेलं जहाज परत मिळत नाही. जानेवारी २०१४ मध्ये एका ताऱ्याच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं, त्यावरून साडेसात हजारांवर माणसं एकवीस तास लढली. एकाचं अडलं की सगळ्यांचं अडतं, म्हणून ती आली.

तर मंगळवारच्या मिटिंगला असं कर. बॉट दे, चारही दे. त्यांना लढू दे, मार खाऊ दे. पण तुझ्या डंजनमधल्या, तू सांगितलेल्या त्या झुलत्या पुलाच्या दोन टोकांना दोन साखळ्या ठेव, आणि दुसरी साखळी बॉटला ओढता येणार नाही असं कर. पुलापर्यंतचं बक्षीस एकट्यालाही मिळू दे, पुलापलीकडचं माणूस आणल्यावर. ज्याने साखळी ओढली त्याचं नाव पुलावर दिसू दे, निदान आठवडाभर. नवा खेळाडू अडकेल म्हणाले तर म्हण, अडकू दे, तिथे हाक मारायचं बटण मी देतो. आणि त्याआधी कागदावर खेळून बघ, चार माणसं लागतील. रविवारी दुपारी दादरला ये, मी आणि माझा भाचा आहोत, चौथा तू शोध. पत्ते मी आणते.

तुझी,
ताई