प्रिंटर कोणत्या मार्गाने जोडावा?

प्रश्न : आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमध्ये दुमजली घरात राहतो. खाली माझा डेस्कटॉप संगणक आहे, तर वरच्या मजल्यावर मुलाचा आणि सूनबाईंचा लॅपटॉप असतो. दोघेही आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतात. नातवाच्या शाळेचे प्रकल्प, गावाकडच्या जमिनीचे सातबारा उतारे, विम्याचे कागद यांसाठी दर दोन दिवसांनी झेरॉक्सच्या दुकानात जावे लागते, म्हणून इंक टँकचा प्रिंटर घ्यायचे ठरवले आहे. दुकानात तीन प्रकार दाखवले : एक फक्त यूएसबीचा, दुसरा यूएसबी आणि वाय-फायचा, तिसरा या दोन्हींसह लॅन केबलचा, म्हणजे राउटरला वायरने जोडता येणारा. प्रत्येक वेळी किंमत वाढते. विक्रेता वाय-फायचा आग्रह धरतो. शेजारी म्हणतात, वाय-फायचा प्रिंटर सारखा ‘ऑफलाइन’ दाखवतो, त्यापेक्षा वायर बरी. कोणाचे ऐकावे?
— एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर

उत्तर : तुमच्या शेजाऱ्यांची तक्रार खरी आहे आणि विक्रेत्याचा सल्लाही चुकीचा नाही; मात्र प्रिंट कोण कोण काढणार, कोणत्या खोलीतून काढणार आणि घरातला राउटर कुठे बसवला आहे, हे दोघांनीही तुम्हाला विचारलेले दिसत नाही. निवड त्यावरच ठरते.

वेगाचा मुद्दा आधी बाजूला ठेवू, कारण दुकानात त्याविषयीच जास्त सांगितले जाते. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असतो, घरगुती प्रिंटरच्या लॅन जोडणीचा बहुधा १०० मेगाबिट, आणि वाय-फायचा वेग भिंती व अंतर यांनुसार कमीजास्त होतो. परंतु साध्या मजकुराचे पान फार तर काही शे किलोबाइटचे असते आणि घरगुती प्रिंटरला ते कागदावर उतरवायला काही सेकंद लागतातच. म्हणजे खोळंबा होतो तो प्रिंटरमुळे, जोडणीमुळे नव्हे. अपवाद स्कॅनिंगचा. ए-४ आकाराचे पान ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० बिंदू) रंगीत स्कॅन केले, तर सुमारे ८७ लाख बिंदू होतात आणि आकार कमी करण्यापूर्वी ती माहिती २६ मेगाबाइटच्या घरात जाते. जुन्या दस्तांचा चाळीस पानांचा गठ्ठा स्कॅन करताना कमजोर वाय-फायवर हा फरक नक्की जाणवेल.

एकाच संगणकावरून आणि प्रिंटर शेजारीच ठेवून काम करायचे असेल, तर यूएसबीइतकी भरवशाची जोडणी दुसरी नाही. पासवर्ड नाही, राउटरशी संबंध नाही, इंटरनेट बंद असले तरी प्रिंट निघते. फक्त दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी, त्यामुळे ती जिन्यावरून वरच्या मजल्यावर नेण्याचा विचार करू नये. आणि तुमच्या डेस्कटॉपमार्फत तो प्रिंटर इतरांना वापरायला देता येत असला, तरी त्यासाठी डेस्कटॉप चालू असावाच लागतो. रात्री दहा वाजता नातवाला उद्याच्या प्रकल्पाचे चित्र आठवले, तर कोणाला तरी खाली येऊन संगणक सुरू करावा लागेल. तुमच्या घरासाठी पहिला प्रकार मी याच कारणाने सुचवणार नाही.

आता ‘ऑफलाइन’चे दुखणे. त्याविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण या एका शब्दापायी लोक चांगले प्रिंटर कपाटात टाकून देतात. काही वर्षांपूर्वी माझ्याच घरी पावसाळ्यात वीज जाऊन आली की प्रिंटर संगणकाला सापडेनासा होत असे. पाहायला आलेल्या तंत्रज्ञाने त्याचा वाय-फायचा भाग निकामी झाल्याचे सांगून नवा प्रिंटर घेण्याचा सल्ला दिला. प्रत्यक्षात प्रिंटर ठणठणीत होता. राउटर आपल्या जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता, म्हणजे त्या जाळ्यातला क्रमांक, देतो. वीज गेल्यावर सगळी यंत्रे पुन्हा सुरू होतात, तेव्हा प्रिंटरला पहिलाच पत्ता परत मिळेल याची खात्री नसते. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो आणि उत्तर आले नाही की ‘ऑफलाइन’ असे दाखवतो. उपाय एकदाच करावा लागतो. प्रिंटरवरून नेटवर्कच्या माहितीचे पान छापून घ्यावे, त्यावरील मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) पाहावा आणि राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी पत्ता कायमचा राखून ठेवावा. त्यानंतर संगणकात प्रिंटर त्याच पत्त्याने जोडावा. ब्रॉडबँडवाल्याच्या माणसाकडून हे काही मिनिटांत करून घेता येते. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर हा त्रास मुळातच कमी होतो.

दुसरे कारण लहरींचे. आजचे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ ओळखतात. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असले, की पहिल्यांदा जोडताना फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर अशी चुकामूक होऊ शकते. त्या वेळेपुरता ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद ठेवावा. २.४ चा वेग कमी असला, तरी तो आरसीसीच्या स्लॅबमधून आणि भिंतींमधून अधिक चांगला पोहोचतो, त्यामुळे दुमजली घरात प्रिंटरसाठी तोच सोयीचा. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क ठेवले असेल, तर प्रिंटर चुकूनही त्यावर जोडू नये. तेथील यंत्रे सहसा एकमेकांना दिसू दिली जात नाहीत.

लॅन केबलविषयी एक गैरसमज आढळतो, तो असा की केबल लावली म्हणजे फक्त वायरने जोडलेल्या संगणकावरूनच प्रिंट निघेल. तसे नाही. प्रिंटर राउटरला केबलने जोडला, की तो घराच्या जाळ्यात येतो; मग वरचे लॅपटॉप आणि फोन नेहमीच्या वाय-फायवरूनच त्याला कागद पाठवू शकतात. एअरप्रिंट आणि मोप्रिया या सोयी ज्या प्रिंटरमध्ये असतात, त्यांवर आयफोन किंवा अँड्रॉइड फोनवरून वेगळे ॲप न घेताही छापता येते. केबल १०० मीटरपर्यंत चालते, प्रिंटरला लहरींची कटकट राहत नाही. माझ्या मते राउटर आणि प्रिंटर एकाच खोलीत असतील, तर याहून चांगली व्यवस्था नाही.

तेव्हा तुमचा राउटर खाली, संगणकाजवळ असेल आणि किमतीतला फरक झेपत असेल, तर तिसरा प्रकार घ्यावा. राउटर वरच्या मजल्यावर असेल, तर दुसरा पुरे : तुमच्या डेस्कटॉपला यूएसबी केबल लावावी आणि इतरांसाठी वाय-फाय चालू ठेवावे. बहुतेक प्रिंटरमध्ये या दोन्ही जोडण्या एकाच वेळी चालतात, पण खरेदीपूर्वी त्या मॉडेलविषयी तेवढे विचारून घ्यावे. यूएसबी केबल खोक्यात आहे का, हेही पाहावे. पुष्कळदा ती वेगळी विकत घ्यावी लागते.

प्रश्न : मी नाशिकरोडला भाड्याच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. माझ्याकडे ब्रॉडबँड नाही, फक्त फोन आहे. वाय-फायचा प्रिंटर घेतला तर चालेल का? की ब्लूटूथचा पाहावा?
— एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : चालेल, मात्र त्यात ‘वाय-फाय डायरेक्ट’ आहे याची खात्री करून घ्या. या पद्धतीत प्रिंटर स्वतःच एक छोटे जाळे तयार करतो आणि फोन थेट त्याला जोडला जातो; राउटर किंवा इंटरनेट लागत नाही. जोडलेले असेपर्यंत काही फोनवर इंटरनेट खंडित होऊ शकते, म्हणून प्रश्नपत्रिकेची पीडीएफ आधी फोनमध्ये उतरवून ठेवावी. ब्लूटूथवर अवलंबून राहू नये. पावत्या छापणाऱ्या लहान यंत्रांत ते सर्रास असते, पण ए-४ आकाराच्या घरगुती प्रिंटरमध्ये असलेच तर पुष्कळदा ते केवळ पहिल्या जोडणीपुरते उपयोगी पडते. प्रिंटरचे हे जाळे शेजारच्या खोल्यांतील फोनवरही दिसते, तेव्हा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलून घ्या.