चष्म्याला सिलिंडरचा नंबर असेल तर बंदुकीची साईट घेताना

भावा, रेड डॉट, म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी साईट, घ्यायची घाई करू नको. तुला सिलिंडरचा नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझम, डोळ्याची गोलाई सारखी नसते तो) आहे ना, मग तो ठिपका बहुतेक गोल नाही दिसणार, स्वल्पविरामासारखा नाहीतर फुटल्यासारखा दिसेल. आधी मोबाईलने त्याचा फोटो काढून बघ, फोटोत गोल आला म्हणजे साईट चांगलीय, प्रश्न डोळ्याचा आहे. आपल्या सोलापूरच्या उन्हात बाहुली बारीक होते म्हणून दुकानाबाहेर ठीक वाटतं पण आत कमी उजेडात तोच ठिपका लई पसरतो, तेव्हा दोन्हीकडं बघूनच पैसे दे. १० मीटर एअर रायफल खेळणार असशील तर दुर्बीण चालतच नाही, तिथं पीप साईटच (बारीक भोकातून नेम धरायची), आणि ती तुला बरी पण पडेल कारण बारीक भोकातून पाहिलं की धूसरपणा कमी होतो. आणि चष्मा लावूनच ट्राय कर हां!