परागंदा, स्थलांतरित की नुसतं ‘मूळचे’?

तुम्ही ओरासिओ फेरेर यांची छोटी ओळख मराठीत लिहिताय, शब्दकोशात ‘एमिग्रंट’ला परागंदा सापडलं, आणि आता विचारताय की ‘परागंदा पत्रकार आणि टँगोचे इतिहासकार’ असं लिहिलं तर चालेल का (टँगो म्हणजे अर्जेंटिना-उरुग्वेकडचा नाच आणि त्याचं संगीत). माझं मत, नका लिहू. शब्द मला फार आवडतो, म्हणूनच तो चुकीच्या माणसाला लागलेला बघवत नाही.

परागंदा मुळात फारसी, तिकडे अर्थ विखुरलेलं, पांगलेलं. सुरुवातीचं ‘परा’ बघून बऱ्याच जणांना तो संस्कृत वाटतो आणि त्यातूनच बहुतेक ‘परांगदा’ लिहायची सवय लागलीय, पेपरातसुद्धा दिसतं, पण अनुस्वार ग वर आहे, रा वर नाही. मराठीत आल्यावर मात्र नुसतं पांगणं उरलं नाही, त्याला घर सुटल्याचं दुःख चिकटलं. माझी आजी ७२ च्या दुष्काळाबद्दल सांगताना म्हणायची, ‘माणसं परागंदा झाली बघ’, कोणी पुण्याला, कोणी मुंबईला, दाराला कुलूपही न लावता, कारण आत ठेवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. आणि तीच आजी, गिरणीत नोकरी लागली म्हणून गेलेल्या तिच्या भावाबद्दल म्हणायची ‘तो मुंबैला असतो’. दोघंही गाव सोडून गेलेलेच, पण ज्याच्यावर जायची वेळ आली तो परागंदा, नोकरीला गेला तो नाही.

आता फेरेर यांच्याकडे बघा. (उच्चार ओरासिओच, स्पॅनिशमध्ये ह मुका असतो, होराशिओ नको.) जन्म १९३३, मोंतेविदेओ, म्हणजे उरुग्वे. वडील इतिहासाचे शिक्षक, आई अर्जेंटिनाची. तरुणपणी मोंतेविदेओत आर्किटेक्चर शिकले, वर्तमानपत्रात लिहिलं, १९५४ मध्ये मित्रांबरोबर नव्या टँगोसाठी एक क्लब काढला, त्याचं मासिक काढलं, टँगोचा इतिहास लिहायला लागले आणि साठच्या दशकाच्या शेवटी टँगोचे संगीतकार आस्तोर पियाझोला यांच्याबरोबर काम करायला समोरच्या बुएनोस आयरेसमध्ये, म्हणजे अर्जेंटिनात, राहायला गेले. समोरच म्हणायचं, कारण मध्ये फक्त ला प्लाता नदीचं मुख, दोन शहरांत साधारण दोनशे किलोमीटर, पूर्वी रात्री बोटीत झोपलं की सकाळी पलीकडे. म्हणजे हा माणूस आईच्या देशात गेला. आपल्याकडे त्याला आजोळ म्हणतात, आणि आजोळी गेलेल्याला परागंदा कोण म्हणेल!

पुढे १९८० मध्ये टँगोचा तीन खंडांचा कोश, १९९० मध्ये टँगोची राष्ट्रीय अकादमी, कॅफे तोर्तोनीच्या वरच्या मजल्यावर, आणि २०१४ मध्ये जाईपर्यंत तेच तिचे अध्यक्ष. पाहुणा म्हणून गेलेला माणूस त्या शहराचाच होऊन गेला.

तुम्हाला परागंदा वापरायचाच असेल तर तो एदुआर्दो गालेआनो यांच्यासाठी राखून ठेवा. तेही मोंतेविदेओचे, तेही पत्रकार, तेही नदी ओलांडून बुएनोस आयरेसला गेले. पण १९७३ च्या लष्करी उठावानंतर आधी तुरुंग, मग तिथून निघावं लागलं, आणि १९७६ मध्ये अर्जेंटिनातही लष्कर आल्यावर तिथूनही पळून स्पेन, घरी परतायला १९८५ उजाडलं. तीच नदी, पण एक आवडीच्या कामासाठी ओलांडतोय आणि दुसरा जीव वाचवायला, दोघांना एकच शब्द लावला तर वाचणाऱ्याला हा फरक कळणार कसा?

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात सांगतो. स्थलांतरित चूक नाही पण फार सरकारी वाटतो, एका माणसाला लावला की मला रजिस्टरमधली नोंद आठवते. निर्वासित तर अजिबात नको. तडीपार हा शब्द मात्र मला इथे खूप खुणावतो, कारण तड म्हणजे काठ, आणि हा माणूस खरोखर एक काठ सोडून दुसऱ्या काठाला गेलेला, पण तो शब्द पोलिसांनी असा काही धरून ठेवलाय की आता सुटणार नाही.

मी असं लिहीन: ‘मूळचे मोंतेविदेओचे, पुढे बुएनोस आयरेसमध्ये स्थायिक झालेले पत्रकार आणि टँगोचे इतिहासकार’. इंग्रजीत सोडून गेलेल्याला एक शब्द आणि येऊन राहिलेल्याला दुसरा, आपल्याला तशी जोडी लागतच नाही, ‘मूळचे’ मध्ये सोडलेलं गाव येतं आणि ‘स्थायिक’ मध्ये धरलेलं. आपण एरवी असंच बोलतो ना, मूळचे सातारचे, आता ठाण्यात असतात.

अजून एक, न विचारता सांगतोय, कारण फेरेर यांच्याबद्दल लिहिताना तुम्हाला ‘पियांताओ’ हा शब्द लागणारच. १९६९ चं त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘बालादा पारा उन लोको’, म्हणजे ‘एका वेड्यासाठी गाणं’, शब्द फेरेर यांचे, पियाझोलाचं संगीत, आमेलिता बाल्तारने गायलेलं. त्यातला वेडा स्वतःला ‘पियांताओ’ म्हणवतो. हा लुनफार्दो, म्हणजे बुएनोस आयरेसच्या गल्लीबोळातल्या बोलीतला शब्द, आणि इटलीहून आलेल्या लोकांनी सोबत आणलेल्या क्रियापदापासून झालेला, अर्थ सोडून जाणे, निसटणे. तर पियांताओ म्हणजे आधी निसटलेला आणि मग वेडा. भाषांतरात ‘वेडा’, ‘खुळा’ लिहिलं की ते निसटणं हरवतं. आणि आपल्याकडे हुबेहूब शब्द पडलाय: सटकलेला! मीटिंगमधून हळूच सटकला तोही सटकणंच आणि ‘तो जरा सटकलेलाच आहे’ तेही सटकणंच. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांबच्या आणि वेडाकडे जायचा रस्ता मात्र एकच, मला हे सापडलं तेव्हा किती आनंद झाला सांगता येत नाही. त्या गाण्यातला सटकलेला माणूस दोन्ही हातांत टॅक्सी रिकामी असल्याची छोटी झेंडी वर धरून येतो. मुंबईच्या जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या मीटरला बाहेरून पत्र्याची पट्टी असायची, उभी असली की टॅक्सी मोकळी, आडवी पाडली की मीटर चालू, ती ज्यांनी पाहिलीय त्यांना हे चित्र लगेच दिसेल. त्या ओळीला टीप द्यायची असेल तर तेवढंच सांगा, पट्टी उभी आहे.