आशा आधी की प्रीती?

प्रश्न : बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, विश्वास, आशा आणि प्रीती टिकतात, त्यांत प्रीती श्रेष्ठ. मग आशेला काम काय उरते? माझी आशा खचली की देवावरची प्रीतीही खोटीच होती, असे वाटू लागते.

उत्तर : रोमकरांस पत्र ५:३-५ उघडा. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा अशी साखळी तिथे आहे. वाचन इथेच थांबले, तर आशा ही स्वतःच्या सोसण्याची कमाई वाटते. बहुतेकांची गफलत इथेच होते. पुढे कारण दिले आहे : आशा लाजवत नाही, कारण देवाची प्रीती आपल्या अंतःकरणात ओतलेली आहे. ग्रीक क्रियापदाचे रूप सांगते की ओतणे होऊन गेले, परिणाम अजून टिकून आहे. आणि ही प्रीती देवाची आपल्यावरची. आपण पापी असतानाच ख्रिस्त मेला, असे आठव्या वचनात स्पष्टच म्हटले आहे. तुम्ही आशेचा पाया आपल्या प्रीतीत शोधता आहात. तो तिथे नाहीच.

उलटा प्रवाहही आहे. कलस्सैकरांस पत्र १:४-५ मध्ये मंडळीची प्रीती स्वर्गात ठेवलेल्या आशेमुळे आहे, असे म्हटले आहे. मग आधी कोण? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने याची छान उकल केली. उपजण्याच्या क्रमात आशा आधी : ज्याच्याकडून भले होईल असे वाटते, त्याच्यावर जीव जडू लागतो. पूर्णतेच्या क्रमात प्रीती आधी. ती आली की आशाही पक्की होते, कारण सर्वांत जास्त भरवसा आपण मित्रावरच टाकतो.

आशा खचली की कागदावर दोन रकाने करा. एकात तुम्ही धरलेल्या अपेक्षा लिहा : अमुक महिन्यात बरे वाटेल, अमुक माणूस परत येईल. दुसऱ्यात देवाने खरोखर दिलेली वचने, अध्याय-ओवीसह. पुष्कळदा मोडलेले सगळे पहिल्या रकान्यात सापडते. मग स्तोत्रे ४२ आणि ४३ सलग वाचा. ‘माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ हे पालुपद तिथे तीनदा येते आणि मधल्या ओळींत तक्रार चालूच राहते. तक्रार करणाऱ्याची आशा संपलेली नसते. देवाशी बोलणेच सोडले तर मात्र काळजी करावी.

प्रश्न : प्रीती ‘सर्वांची आशा धरते’ (करिंथकरांस पहिले पत्र १३:७). म्हणजे पुन्हा पुन्हा दुखावणाऱ्याला दर वेळी घरात घ्यायचे का?

उत्तर : नाही. त्याच अध्यायात, एकच वचन आधी, प्रीती अनीतीत आनंद मानत नाही असे आहे. त्याच्या पालटाची आशा धरणे वेगळे, पालट झाला असे मानून वागणे वेगळे. दार बंद ठेवूनही त्याच्यासाठी प्रार्थना करता येते. मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. पाळकांशी बोलणे त्यानंतर.