त्या गोळीने बरं वाटलं होतं, मग डॉक्टर तीच परत का देत नाहीत?

बायपोलर, म्हणजे मूड कधी खूप चढतो तर कधी डिप्रेशनमध्ये जातो तो आजार, असलेले लोक आणि त्यांच्या घरचे मला हा प्रश्न सारखा विचारतात. डिप्रेशन आलंय ना, मग सरळ डिप्रेशनची गोळी द्या की, हे लिथियम नाहीतर क्वेटियापिन अशी मूड स्थिर ठेवणारी औषधं कशाला? एका ताईंचं सांगते, त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई आल्या त्याच मुळी चिडून. आधी त्यांना नुसतं डिप्रेशन असं निदान झालं होतं, एस्सिटालोप्राम हे डिप्रेशनचं औषध (अँटीडिप्रेसंट) सुरू झालं आणि काही आठवड्यांत एकदम फरक पडला. "मॅडम, इतकं छान मला कधी वाटलंच नव्हतं, आणि नेमकी तीच गोळी बंद केली!" मग मी त्या छान दिवसांबद्दलच विचारत बसले. झोप किती व्हायची? तीनेक तास, पण थकवा नाही. पैसे? उधारी करून दोन कोर्सच्या फिया भरल्या, एकही पूर्ण केला नाही. नवरा शेजारी बसलेला, तो हळूच म्हणाला की तेव्हा हिच्याशी बोलायची भीती वाटायची, साध्या बोलण्यावरून भांडण पेटायचं. कॉलेजात असतानाही, कुठलीच गोळी चालू नसताना, असाच एक काळ येऊन गेला होता. पण हे आधीच्या डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही, कारण ताईंच्या मते तो आजार नव्हताच, ते चांगले दिवस होते! आणि माणूस डॉक्टरकडे जातो ते खचल्यावर, चांगल्या दिवसांची तक्रार घेऊन कोण जाईल?

त्या तेजीनंतर जे डिप्रेशन आलं ते आधीपेक्षा खोल होतं. तेव्हा दुसऱ्या सायकियाट्रिस्टनी सगळा इतिहास विचारला, बायपोलर टू, म्हणजे डिप्रेशनसोबत मूडची सौम्य तेजी येणारा प्रकार, असं सांगितलं, जुनी गोळी हळूहळू कमी करत बंद केली आणि लॅमोट्रिजिन हे मूड स्थिर ठेवणारं औषध सुरू केलं.

मी औषधं लिहून देत नाही, तो माझा अधिकार नाही, पण डॉक्टरांचा विचार काय असतो ते समजावून सांगणं हे माझं काम आहे असं मी मानते. बायपोलरमध्ये नुसतं अँटीडिप्रेसंट दिलं तर काहींचा मूड नॉर्मलवर न थांबता थेट मॅनिया (टोकाची तेजी) किंवा हायपोमॅनियात (सौम्य तेजीत) जातो, काहींचे चढउतार वाढतात. बायपोलर वनमध्ये, जिथे पूर्ण मॅनिया येतो, ही भीती जास्त, म्हणून तिथे ते एकटं देणं टाळतात. आणि सोबत मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, असलं तरी फायदा होईलच असं नाही. अमेरिकेत स्टेप-बीडी नावाचा मोठा अभ्यास झाला, २००७ साली त्याचे निकाल आले. मूड स्टॅबिलायझरवर अँटीडिप्रेसंट जोडलेल्यांपैकी २३.५ टक्के लोक टिकून बरे राहिले आणि साधी, औषध नसलेली गोळी जोडलेल्यांपैकी २७.३ टक्के, म्हणजे फरक पडलाच नाही म्हणा ना. हे आकडे ऐकून ताई बराच वेळ गप्प होत्या.

पण म्हणून अँटीडिप्रेसंट म्हणजे विषच असंही कुणी धरून बसू नका, ते मला अजिबात पटत नाही. माझ्याकडे येणारे एक काका लिथियमसोबत अँटीडिप्रेसंटच्या छोट्या डोसवर छान स्थिर आहेत, ते बंद करायचं म्हटलं की परत खाली जातात, त्यामुळे त्यांचे डॉक्टर लक्ष ठेवून ते चालू ठेवतात. एकाला लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं या आजारात नसतं.

ताईंना सगळ्यात जास्त छळलं ते वाट बघण्याने. लॅमोट्रिजिन २५ मिलिग्रॅमपासून दर काही आठवड्यांनी थोडं थोडं वाढवतात, कारण घाईने वाढवलं तर अंगावर गंभीर पुरळ उठायचा धोका असतो, त्यामुळे पुरेशा डोसवर पोचायलाच दीड महिना वगैरे जातो आणि तोवर माणूस अंधारातच. त्या दिवसांत "औषध लागू होत नाहीये" म्हणून त्यांनी कपाटातली जुनी एस्सिटालोप्रामची स्ट्रिप काढून ठेवली होती. घ्यायच्या आधी मला सांगितलं हे फार बरं झालं, तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला लावला.

मग आम्ही एक वही केली. झोपेचे तास, मूड, चिडचिड, खर्च, रोज एक ओळ बास. नवऱ्याला ताईंनी आपणहून सांगून ठेवलं की सलग दोन रात्री मी कमी झोपले आणि तरी फ्रेश दिसले तर मला न विचारता डॉक्टरांना कळव. ही वही त्या प्रत्येक व्हिजिटला नेतात, डॉक्टर आधी तीच बघतात.

तुमचं अँटीडिप्रेसंट चालू असेल तर हे वाचून आज अचानक बंद करू नका, त्यानेही त्रास होतो. पण पूर्वी कधी कमी झोपेतही भन्नाट एनर्जी असायचे दिवस आले असतील तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, शक्य असेल तर घरच्या कुणाला सोबत न्या. आणि मन खचलेलं असताना अंगात जबरदस्त बेचैनी, झोप उडालेली, जीव द्यायचे विचार असं सगळं एकत्र आलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, नाही भेटले तर सरळ इमर्जन्सीत जा, आणि तोवर एकटे राहू नका.