जुनी वायर जाळू की सोलू?

प्रश्न: आम्ही खानापूर तालुक्यातले. जुन्या घराचं वायरिंग बदललो, विहिरीवरच्या मोटारीची जुनी केबलपण काढलो, सगळं मिळून पोतंभर झालंय. गुजरीवाला (भंगारवाला) म्हणतोय की जाळून तांबं आणा, रेट जास्त देतो. शेजारी शेतात जाळतातच. काय करू?

उत्तर: जाळू नका अण्णा, काडीसुद्धा लावू नका. वायरचं कव्हर म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिक, त्यात क्लोरीन असतं, ते जळलं की हायड्रोजन क्लोराईडचा धूर होतो आणि तो डोळ्यातल्या, छातीतल्या ओलाव्यात मिसळला की ॲसिडच होतंय. वर डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात, आणि तांबं शेजारी असलं की जास्तच होतात. ते गवतावर बसतं, म्हस ते गवत खाते, मग दुधाच्या सायीतून तुमच्याच पोरांच्या पोटात. जुन्या कव्हरात शिसंपण असायचं, ते राखेत राहतं, म्हणजे त्याच शेतात. आणि एवढं करून तांबं काळं पडतं, बारीक तारा ठिसूळ होऊन तुटतात, काळ्या तांब्याला चकचकीत तांब्याचा रेट मिळत नाही. शिवाय मोटारीच्या केबल चोरीला जातात ते तुम्हाला माहीतच आहे, चोर जाळूनच विकतात, मग जळकं तांबं घेऊन गेलात की संशय पहिला तुमच्यावर. नव्या केबलचं बिल असेल तर सोबत न्या.

आता सोलायचं. पण सगळं नको! आधी एक फूट वायर कापा, वजन करा, मग सोलून नुसतं तांबं वजन करा. समजा 10 ग्रॅमात 6 ग्रॅम तांबं निघालं तर 10 किलो वायरमधून 6 किलो, आता सोललेल्याचा आणि न सोललेल्याचा रेट विचारून गुणाकार करा, लगेच कळतं मेहनत परवडते का. घरातल्या दीडच्या (तांब्याची जाडी दीड चौरस मिलिमीटर) वायरच्या 90 मीटरच्या अख्ख्या कॉइलमध्ये तांबं जेमतेम 1.2 किलो असतं, त्यामुळे बारीक वायर, टीव्हीची केबल, चार्जरच्या वायरी तशाच विका. मोटारीची केबल मात्र सोलाच. चपटी असते, वरचं कव्हर लांबीत चिरलं की आतून तीन वायरी निघतात, मग एकेक सोलायची.

सोलताना वायर दोन तास उन्हात टाका, कव्हर मऊ पडतं. थंडीत सकाळी सकाळी करायला बसलात तर हात दुखून येतील. फळीवर ब्लेड तिरकं पक्कं बसवा आणि वायर पकडीनं ओढा, ब्लेड हातात धरून स्वतःकडे ओढायचं नाही, माझा अंगठा असाच चिरलाय, चार टाके पडले. हातमोजे घालाच.

अजून एक, जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर पण असते, तर काहींना वरून नुसता तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं की तांबं नाही, हातातपण हलकी लागते. ती वेगळी ठेवा, नाहीतर गुजरीवाला सगळ्याचाच रेट पाडतो.

आणि निघालेल्या साली अंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घालू नका हो, आपल्याकडं सर्रास घालतात. पोत्यात भरून गुजरीवाल्यालाच विचारा, नाही घेतला तर पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या.