आधी त्यांना ऑर्गनच्या आत ने

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुमच्या कॉलेजच्या चॅपलमधल्या पाइप ऑर्गनच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय आणि तू लगेच अपीलचा मजकूर लिहून पण पाठवलायस, "आपला वैभवशाली वारसा वाचवा" वगैरे. अगं, तो कागद सध्या बाजूला ठेव. मी पण पहिल्यांदा हेच केलं होतं, गुळगुळीत कागदावर ब्रोशर छापलं, इतिहास, फोटो, सगळं घातलं, माजी विद्यार्थ्यांना पाठवलं, आणि आलेल्या पैशात छपाईचा खर्चसुद्धा धड निघाला नाही. फार लागलं होतं मनाला.

लोकांना ऑर्गन म्हणजे समोर दिसणारे मोठे पाइप एवढंच माहीत असतं आणि ते तर छानच दिसतात, मग पैसे कशाला? खरा आजार आत असतो. पाइपांना हवा पुरवणाऱ्या भात्याचं चामडं साधारण 40-50 वर्षांत कडक होतं, चिरा पडतात, हवा गळायला लागते, लाकूड कोरड्या हवेत आकसतं, झडपेखाली कचरा अडकला की एखादा सूर हात न लावता वाजतच राहतो. संगीतकार बाख नवीन ऑर्गन तपासायला गेला की आधी सगळे स्टॉप, म्हणजे पाइपांचा एकेक संच चालू करणाऱ्या खुंट्या, ओढून भरपूर सुरांनिशी वाजवायचा, फुप्फुसं, म्हणजे हवेचा पुरवठा, कशी आहेत ते बघायला, असं त्याच्या मुलानं लिहून ठेवलंय. तुमच्या ऑर्गनची पण फुप्फुसंच गेली असणार, हे माझं आपलं अनुभवावरून, पण अंदाजावर पैसे मागायचे नाहीत.

म्हणून पहिलं काम, स्वतंत्र सल्लागाराकडून तपासणी. स्वतंत्र म्हणजे ज्याला दुरुस्तीचं काम मिळणार नाहीये असा. त्याचा रिपोर्ट हातात आला की मग दोन-तीन ऑर्गन-बिल्डरांकडून कोटेशन घे आणि वर दहा-पंधरा टक्के जास्तीचे धर, कारण उघडल्यावर काहीतरी निघतंच. आणि पहिली देणगी घ्यायच्या आधी अकाउंट्समध्ये ऑर्गनचं वेगळं खातं करून घे, नाहीतर पैसे कॉलेजच्या सामान्य फंडात गेले की देणाऱ्याला उत्तर देता देता तुझी दमछाक होईल.

आता लोकांकडे कसं जायचं. ब्रोशर फसल्यावर आम्ही एका दुपारी आठ-दहा जणांना ऑर्गनच्या आत नेलं, अरुंद शिडी, टॉर्च, सगळीकडे धूळ. ट्यूनरनं पेन्सिलीएवढा एक पाइप उपसला आणि केमिस्ट्रीच्या एका रिटायर्ड सरांच्या हातात दिला. कथील आणि शिशाचा मिश्रधातू, इतका मऊ की नखाचा ओरखडा उठेल, आणि वरची कड वर्षानुवर्षं ट्यूनिंगचे ठोके खाऊन फाटलेली. सर बराच वेळ ती कड अंगठ्यानं चाचपत होते, मग पाइपच्या पायात हळूच फुंकले आणि सूर आला, थरथरत, पण आला. खाली उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, असे किती आहेत? मी आकडा सांगितला आणि त्या आठवड्यात त्यांचा चेक आला. संगीताशी त्यांचा काही संबंध नव्हता, प्रार्थनेला पण ते कधी येत नसत.

तेव्हापासून मी पाइप दत्तक द्यायची योजना सांगते सगळ्यांना, म्हणजे एकेका पाइपचा खर्च एकेकानं उचलायचा. खालच्या सुराचा पाइप 16 फुटी असू शकतो आणि वरचा बोटाच्या पेराएवढा, त्यामुळे विद्यार्थ्यापासून मोठ्या देणगीदारापर्यंत प्रत्येकाला झेपेल असं काहीतरी असतं. देणाऱ्यांची नावं वहीत लिही किंवा भिंतीवर लाव, ऑर्गनच्या लाकडावर पाट्या ठोकू देऊ नकोस, कोणी कितीही दिले तरी. पण नुसत्या छोट्या पाइपांवर काम होत नाही गं, मोठे चार-पाच जण आधी शांतपणे भेटून निम्म्याच्या आसपास रक्कम जमव, मगच जाहीर कर.

कमिटीत कोणीतरी म्हणणारच की इलेक्ट्रॉनिक आणा, स्वस्त पडतो. चिडू नकोस. त्याचे सर्किट बोर्ड काही दशकांनी मिळेनासे होतात, चामडं मात्र परत लावता येतं, हे सांग. हॅम्बुर्गच्या सेंट जेकोबी चर्चमधला श्निटगर या ऑर्गन-बिल्डरचा ऑर्गन 1693 चा आहे, पहिल्या महायुद्धात त्याचे दर्शनी पाइप वितळवायला नेले तरी 1993 मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आणि वेळ का लागतो असं विचारलं तर पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचं सांग, 2019 च्या आगीत ऑर्गन वाचला पण जवळजवळ 8,000 पाइपांवर शिशाची धूळ बसली, उतरवून, साफ करून, परत लावून, सूर जुळवून तो वाजायला डिसेंबर 2024 उजाडला.

देखभालीचे पैसे याच मोहिमेत माग, नंतर कोणी देत नाही.

या आठवड्यात फक्त एक कर. ऑर्गनिस्टला सोबत घेऊन एकेक स्टॉप ओढून खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी दाब आणि कुठले सूर मुके आहेत ते वहीत लिहून काढ. ती यादी मला पाठव.

तुझी,
मावशी